कोर सोळा, मग वेग सोळापट का नाही?

नवी पेठेत लॅपटॉप बघायला गेलं की दुकानदार आधी कोर, म्हणजे प्रोसेसरमधले हिशेब करणारे भाग, मोजून दाखवतो. सोळा कोर, म्हणजे काम सोळापट झटपट! इंजिनीअरिंगची पोरंही हेच गृहीत धरतात आणि चिपचा आराखडा काढणारा प्रोग्रॅम सोळा थ्रेडवर, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या सोळा धाग्यांवर, सोडून देतात. मग एक तर वेग वाढत नाही, नाहीतर आराखडाच बिघडतो.

चिपचा आराखडा म्हणजे एकावर एक थर आणि प्रत्येक थरावर बहुभुजच बहुभुज. 1971 साली इंटेलच्या 4004 मध्ये सुमारे 2300 ट्रान्झिस्टर होते. त्यांचे आकार माणसांनी लाल फिल्मवर हाताने कापले. आज ते अब्जावधीत गेलेत, त्यामुळे चित्र कोडच काढतो. आपल्या चादरीची नक्षी जकार्ड मागासाठी ग्राफवर एकदाच काढतात आणि मग कापडभर फिरवतात ना, तसंच इथं. एक ‘सेल’ एकदा काढायचा, पुढे तो कुठे कुठे बसवायचा एवढंच लिहायचं. आराखडा साठवायच्या जीडीएस-टू या जुन्या पण आजही चालणाऱ्या फाईलमध्ये सेलची ओळख म्हणजे फक्त त्याचं नाव. घोळ इथूनच सुरू होतो.

समजा दोन थ्रेडना ‘व्हिया-4’ नावाचा एकच सेल हवाय. पहिला बनून झालेल्या सेलच्या यादीत बघतो, सेल नाही. म्हणून तो बनवायला घेतो. यादीत नाव चढायच्या आतच दुसरा डोकावतो. त्यालाही सेल दिसत नाही, म्हणून तोही बनवायला बसतो. आता एकाच नावाचे दोन सेल झाले. दोन्ही हुबेहूब असतील तर फाईल बहुधा नुसती फुगते. मापात फरक असेल, तर कुठल्या जागी कुठला बसेल याचा भरवसा नाही. सी-प्लस-प्लस भाषेत तर यादी वाढली की ती मेमरीत दुसरीकडे हलू शकते. दुसरा थ्रेड तेव्हा जुन्याच पत्त्यावर लिहीत असला, तर अख्खा प्रोग्रॅम कोसळू शकतो.

ही चूक रोज येत नाही. शोधायला म्हणून मध्ये एक छापायची ओळ घातली, तरी थ्रेडच्या वेळा सरकतात आणि चूक गायब! मग ‘मशीनला नजर लागली’ म्हणत सर्व्हर रूमच्या दारात लिंबू-मिरची टांगणारे भेटतात. पण वेळेच्या या गोंधळाला लिंबू काय करणार?

यादीला कुलूप लावता येतं, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत. मात्र प्रत्येक बहुभुजासाठी कुलूप उघडायचं ठरवलं, तर पंधरा थ्रेड दारातच ताटकळतात. त्यापेक्षा सगळ्यांना लागणारे सेल आधीच बनवून ठेवावेत, ते नंतर कुणी बदलायचे नाहीत. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा कोरा आराखडा द्यावा आणि शेवटी एकानेच सगळे जोडावेत.

पायथॉनवाल्यांची अडचण आणखी वेगळी. नेहमीच्या सीपायथॉनमध्ये, म्हणजे बहुतेक जण वापरतात त्या पायथॉनमध्ये, ग्लोबल इंटरप्रिटर लॉक या अंतर्गत कुलपामुळे एका क्षणी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवतो. निव्वळ पायथॉनमध्ये लिहिलेल्या आकडेमोडीला थ्रेड वाढवून काहीच पदरात पडत नाही. वेगवेगळ्या प्रोसेस, म्हणजे आपापली मेमरी असलेले स्वतंत्र प्रोग्रॅम, कराव्या लागतात, मग बहुभुज बांधून इकडून तिकडे पाठवण्यात वेळ जातो. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या 3.13 आवृत्तीत हे लॉक काढून चालवायची सोय आधी प्रायोगिक म्हणून दिली होती.

एवढं करूनही शेवटची जोडणी आणि फाईल लिहिणं बहुतेक वेळा एकट्यालाच करावं लागतं. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडालने 1967 मध्ये मांडलेला हिशेब इथं लागू होतो. कामाचा 10 टक्के भाग वाटताच येत नसेल, तर 16 कोरवर वेग फार तर 6.4 पट वाढतो, 64 कोरवर 8.8 पट. कितीही कोर आणा, 10 पटीपलीकडे जाता येत नाही.

म्हणून आधी वेळ नेमका कुठे जातोय ते मोजावं. पुष्कळदा असं निघतं की कोड तोच सेल प्रत्येक जागी नव्याने काढत बसला होता. हजार बाय हजारची जाळी असेल तर ते दहा लाख वेळा. जीडीएस-टूमध्ये तीच जाळी एका नोंदीत मावते, आणि ती लिहायला एकच कोर पुरतो.