जेलीफिन उघडत नसेल, तर आधी डिस्क बघा

"काल रात्रीपर्यंत सगळं व्यवस्थित होतं, आज जेलीफिन उघडतच नाही." आमच्याकडून मीडिया सर्व्हर (घरातले व्हिडिओ साठवणारा आणि जेलीफिन या प्रोग्रॅममधून टीव्ही-फोनवर दाखवणारा संगणक) बसवून घेतलेल्या मंडळींचे सगळ्यात जास्त फोन याच वाक्याने सुरू होतात. थोडं खोदून विचारलं की कळतं, मधे घरात साफसफाई झाली, डिस्कची वायर सैल झाली, किंवा पॉवर स्ट्रिपवर जागा हवी म्हणून कुणी डिस्कचा अडॅप्टरच काढला. इथपर्यंत काहीही बिघडलेलं नसतं. वायर नीट बसवा, सर्व्हर रीस्टार्ट करा, विषय संपला.

बिघडतं ते यापुढे. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, "डिपेंडन्सी फेल्ड" (लागणारी गोष्ट मिळाली नाही) दिसतं, इंटरनेटवर उपाय सापडतो आणि 'डिस्क जोडलेली नसेल तर जेलीफिन सुरू करू नये' ही आम्ही त्याच्या सेटिंगमध्ये घातलेली अट काढून टाकली जाते. जेलीफिन झटक्यात सुरू होतं. फक्त लायब्ररी रिकामी असते. कृपया ही अट काढू नका. ती का आहे, ते एकदा सांगतो.

लिनक्समध्ये डिस्कला सी, डी, ई अशी अक्षरं मिळत नाहीत. डिस्क एखाद्या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे जोडली जाते आणि त्या फोल्डरमध्ये डिस्कवरच्या फाइल दिसतात. ते फोल्डर मुळात सिस्टिम डिस्कवरचं एक साधं, रिकामं फोल्डर असतं. मोठी डिस्क जोडली गेली नाही, तरी फोल्डर जागेवर असतंच आणि त्यात लिहिताही येतं. डिस्क आहे की नुसतं फोल्डर, हे बहुतेक प्रोग्रॅम तपासत बसत नाहीत.

आता यात ऑटोमेशन धरा. तुम्ही डीव्हीडीवरून उतरवलेल्या फाइल किंवा फोनमधले व्हिडिओ "आवक" फोल्डरमध्ये टाकता. आमची स्क्रिप्ट त्यांना नाव देते आणि लायब्ररीत हलवते. डिस्क नसताना ती त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे छोट्याशा सिस्टिम डिस्कवर, इमानदारीने फाइल भरत राहते. सिस्टिम डिस्क भरली की जेलीफिनच्या डेटाबेसलाही लिहायला जागा उरत नाही. मग तुम्ही वायर बसवता, मोठी डिस्क माउंट होते, जुनी लायब्ररी परत येते, पण मधल्या काळातल्या फाइल गायब! त्या गेलेल्या नसतात, माउंट झालेल्या डिस्कखाली झाकल्या गेलेल्या असतात. म्हणूनच डिस्कवरची जागा मोजणारी 'डीएफ' ही आज्ञा सांगते सिस्टिम डिस्क भरली आणि दिसणाऱ्या फाइलींची बेरीज करणाऱ्या 'डीयू'च्या हिशेबाने ती बरीच रिकामी असते. दोघंही खरं बोलत असतात. डिस्क अनमाउंट केली की त्या फाइल पुन्हा दिसतात.

हे तरी निस्तरता येतं. बॅकअपचं मात्र तसं नाही. रोज रात्री 'आरसिंक' हा कॉपी करणारा प्रोग्रॅम लायब्ररीची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवतो, आणि हुबेहूब म्हणजे मूळ जागी नसलेली फाइल प्रतीतूनही काढून टाकणं. मूळ फोल्डर रिकामं दिसलं, तर बॅकअपही रिकामा होतो. एका ग्राहकाची लग्नाची चित्रफीत अशीच जायची होती. वाचली ती फक्त बॅकअपची डिस्क त्या रात्री कपाटात होती म्हणून, त्यात आमचं कर्तृत्व काही नाही. त्यानंतर आम्ही प्रत्येक सर्व्हरवर एका वेळी किती फाइल पुसायच्या याची मर्यादा घालायला लागलो.

"तुमचा सर्व्हर एका वायरपायी सगळं बंद करून बसतो," अशी तक्रार येते. हो, मुद्दामच. डिस्क 90 सेकंदांत सापडली नाही, तर लिनक्स सुरू होतो, पण जेलीफिन, आवक आणि बॅकअप थांबून राहतात. शिवाय माउंटच्या रिकाम्या फोल्डरला आम्ही कुलूप घालतो, म्हणजे डिस्क नसताना रूटलाही (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्यालाही) त्यात लिहिता येत नाही. बंद पडलेला सर्व्हर निदान दिसतो तरी.

"दुसऱ्या पोर्टात लावली तर चालेल का?" चालेल. लिनक्स डिस्कना देतो ती 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात, म्हणून कोणती डिस्क कुठे माउंट करायची याच्या 'एफएसटॅब' या यादीत आम्ही यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहितो. तो डिस्कवरच्या फाइल सिस्टिमसोबत (फाइल ठेवण्याच्या रचनेसोबत) राहतो, पोर्ट कोणताही असो. मात्र डिस्क फॉरमॅट केलीत तर तो बदलतो. आणि 'डीडी' या आज्ञेने अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढलीत तर दोन्ही डिस्कवर एकच यूयूआयडी येतो, तेव्हा त्या दोन्ही एकत्र लावू नका.

जेलीफिन उघडलं नाही, तर डिस्कचा दिवा लागलाय का बघा. वायर दोन्ही टोकांना दाबून बसवा. मग टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'एलएसबीएलके -एफ' (lsblk -f) द्या, जोडलेल्या डिस्कची यादी येईल. डिस्कवरच्या स्टिकरवर आम्ही यूयूआयडीचे शेवटचे चार आकडे-अक्षरं लिहिली आहेत, ती यादीत दिसली पाहिजेत. दिसत असतील तर रीस्टार्ट करा. दिसत नसतील तर केबल बदलून बघा. तरीही नाही, तर त्या यादीचा फोटो आम्हाला पाठवा आणि आम्ही उत्तर देईपर्यंत काहीही फॉरमॅट करू नका, अगदी स्क्रीनवर तसं सुचवलेलं असलं तरी.

जुन्या ग्राहकांच्या सर्व्हरवर हे कुलूप आणि पुसण्याची मर्यादा कदाचित नसेल. ते काम आम्ही घरबसल्या, दुरून करून देतो, साधारण अर्धा तास लागतो. सोबत डिस्कची स्मार्ट तपासणीही होते, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती बघितली जाते. डिस्क निघाली की फोनवर लगेच संदेश येण्याची सोयही करता येते, ज्यांच्या घरी साफसफाई जोरात चालते त्यांनी ती घ्यावीच. फोन करताना सर्व्हर चालू ठेवा.