फाइल इंटिग्रिटी मॉनिटरिंग (लिनक्स)

लिनक्स सर्व्हरवरच्या महत्त्वाच्या फाइली कोणी परस्पर बदलल्या आहेत का, हे आधी करून ठेवलेल्या नोंदीशी ताडून पाहण्याची पद्धत. सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस पुन्हा येता यावे म्हणून बहुधा काहीतरी मागे ठेवतोच: पासवर्ड फाइलीत नवा वापरकर्ता, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीत) एखादी ओळ, नाहीतर एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) ऑथराइज्ड कीजमध्ये, म्हणजे प्रवेश असलेल्या चाव्यांच्या यादीत, स्वतःची चावी. ही ठेव शोधण्यासाठी ही पद्धत वापरतात.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि यूजीन स्पॅफर्ड यांनी १९९२ मध्ये ट्रिपवायर हे अशा तपासणीचे साधन तयार केले. लिनक्सवर आज एड (AIDE) हे मुक्त साधन बरेच वापरात आहे. ते प्रत्येक फाइलीचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा), मालक, परवानग्या आणि आयनोड (फाइलीचा डिस्कवरचा नोंद क्रमांक) आपल्या डेटाबेसमध्ये टिपून ठेवते. शा-२५६ या पद्धतीचा हॅश एरवी ६४ अक्षरांत लिहितात, मग फाइल चार ओळींची असो की चार जीबीची. आत एक टिंब बदलले तरी हॅश पार पालटतो. नुसत्या तारखेवर विसंबू नये. टच आदेशाने फाइलीची एमटाइम, म्हणजे शेवटच्या बदलाची वेळ, हवी तितकी मागे नेता येते.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या माणसाला ही गोष्ट टॉवेलवरून चटकन कळते. खरेदीदाराने मंजूर केलेला नमुना कपाटात कुलपात असतो आणि माल त्याच्याशी लावून पाहतात. तो नमुनाच कोणी बदलला, तर तपासणी कितीही कसोशीने करा, खराब मालही पास होणार. एडच्या डेटाबेसचे तसेच आहे. तो त्याच सर्व्हरवर पडून राहिला, तर रूटचा (सर्व अधिकार असलेल्या खात्याचा) ताबा मिळवणारा तोही नव्याने लिहील. म्हणून तो दुसऱ्या यंत्रावर ठेवावा, आणि मुळात सर्व्हर नवा, स्वच्छ असतानाच तयार करावा. माझ्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात.

एड ठरावीक वेळीच तपासते. बदल होताक्षणी कळण्यासाठी आयनोटिफाय आहे. ते २००५ साली लिनक्सच्या कर्नल (गाभा) २.६.१३ मध्ये आले. पण बदल कोणी केला, हे ते सांगत नाही. त्यासाठी ऑडिटडी, म्हणजे सर्व्हरवर कोणी काय केले याची नोंद ठेवणारा प्रोग्राम, लागते. समजा, कारखान्याच्या सर्व्हरवर रात्री २ वाजता सुडोअर्स फाइल (रूटचे अधिकार कोणाला वापरता येतील हे ठरवणारी) बदलली. ऑडिटच्या नोंदीत कोणता प्रोग्राम, कोणता वापरकर्ता आणि मूळ लॉगिन कोणाचे, हे तिन्ही सापडते.

अपडेट केल्यावर शेकडो फाइली एकदम बदललेल्या दिसतात. अपडेटची वेळ लिहून ठेवावी, अहवाल वाचावा आणि मगच डेटाबेस नवा करावा. न वाचता नवा केला, तर घुसखोराची फाइलही मंजूर नमुन्यात जाऊन बसते. लॉगसारख्या सतत बदलणाऱ्या फाइलींचे हॅश ताडू नयेत. रोज तेच इशारे आले की माणूस अहवाल उघडणेच सोडून देतो.

कर्नलमध्येच रूटकिट (घुसखोराला लपवणारा प्रोग्राम) बसले असेल, तर ते तपासणाऱ्या प्रोग्रामला जुनी, निर्दोष फाइल दाखवू शकते. तसा संशय आला, तर सर्व्हर स्वच्छ पेनड्राइव्हवरून सुरू करून त्याची डिस्क बाहेरून ताडावी लागते.