बेअरिंग २१० मार्क १५: स्टारशिपवरच्या दिशा आल्या कुठून

अंतराळातल्या सिरीयल बघताना ब्रिजवरचा, म्हणजे यान चालवायच्या खोलीतला, ऑफिसर ‘बेअरिंग २१०, मार्क १५’ असं काहीतरी म्हणतो, पायलट पॅनेलवर बोटं फिरवतो आणि यान वळतं, आणि आपल्यापैकी बरेच जण ते आकडे नुसते कानावरून जाऊ देतात. पण त्यांना अर्थ आहे आणि त्यामागे बराच मोठा इतिहास आहे. पहिला आकडा आडव्या पातळीतला कोन, यानाचं नाक शून्यावर धरून उजवीकडे मोजत जायचं, म्हणजे ९० उजवा हात, १८० बरोबर पाठीमागे, आणि २१० म्हणजे मागे पण जरा डावीकडे. मार्कनंतरचा आकडा वरखाली किती ते सांगतो. बस, एवढंच.

यातला पहिला आकडा सरळ समुद्रावरून आलाय. जुन्या जहाजांवर होकायंत्राचे ३२ भाग असायचे, एकेक सव्वाअकरा अंशांचा, पुढे अंशांत बोलायची पद्धत आली आणि ४५ असेल तरी ‘शून्य चार पाच’ असे तीन अंक म्हणायची शिस्त पडली, कारण वाऱ्यात आणि गोंगाटात एखादा अंक ऐकायचा राहिला तर लगेच कळावं. स्टारबोर्ड हा शब्दही तिथलाच, त्याचा ताऱ्यांशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत सुकाणूला ‘स्टेऑर’ म्हणायचे आणि सुकाणूचं वल्हं जहाजाच्या उजव्या बाजूला असायचं म्हणून ती बाजू स्टारबोर्ड. डावीला लार्बोर्ड म्हणायचे, पण दोन्ही शब्द ऐकायला सारखे वाटायचे म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये डावीला ‘पोर्ट’च म्हणायचं असा हुकूम काढला.

१९६६ मध्ये ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली तेव्हा ही सगळी भाषा जशीच्या तशी अंतराळात गेली. तिचा निर्माता जीन रॉडनबेरी दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानाचा पायलट होता, आणि त्याच्या कॅप्टनची कल्पना शिडाच्या जहाजांवरच्या कादंबऱ्यांमधल्या कॅप्टनवर बेतलेली होती. ‘मार्क’ हा शब्दसुद्धा मला नौदलाचाच वाटतो, कारण पाणबुडीत पेरिस्कोपमधून लक्ष्य मधोमध आलं की बघणारा ‘मार्क’ म्हणतो आणि शेजारचा त्या क्षणाचा कोन वाचतो. सिरीयलमध्ये त्याच शब्दाने दोन आकडे जोडले गेले. सुरुवातीला वापर कसाही व्हायचा, नीट नियम मालिकेच्या १९९१ च्या टेक्निकल मॅन्युअलमध्ये लिहिले गेले, त्यात बेअरिंग यानाच्या नाकापासून आणि हेडिंग, म्हणजे यान ज्या दिशेने निघालंय ती दिशा, आकाशगंगेच्या केंद्रापासून मोजायचं असं ठरलं.

दोन आकड्यांची आयडिया मात्र फार जुनी आहे, खगोलशास्त्रात दिगंश (क्षितिजावर फिरत मोजलेला कोन) आणि उन्नतांश (क्षितिजापासून वरखाली मोजलेला कोन) हेच करतात. आपण ‘दाही दिशा’ म्हणतो तेव्हाही आठ दिशांमध्ये वर आणि खाली धरलेलंच असतं. फरक एवढाच की उन्नतांश उणे ९० ते अधिक ९० मध्ये थांबतो. मार्कचा आकडा पूर्ण ३६० पर्यंत जाऊ दिला तर एकाच दिशेला दोन नावं मिळतात, ० मार्क १८० आणि १८० मार्क ० दोन्ही पाठीमागेच, आणि लढाईच्या वेळी अशी गडबड कोणाला परवडेल?

पण खरी अडचण वेगळीच आहे आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. जहाजाला वर म्हणजे आकाश हे फुकटात मिळतं, पाणी ते सपाट धरून ठेवतं. अंतराळात यान आपल्या लांबीभोवती गोल फिरलं तर नाक तिथेच राहतं पण ‘उजवं’ बदलतं, म्हणजे नाक कुठे हे कळूनही तिसरी गोष्ट लागतेच, यान किती कलंडलंय ती. १९८२ च्या स्टार ट्रेक सिनेमात तर शत्रू सपाट पातळीतच विचार करतो म्हणून हरतो, आपलं जहाज खाली जातं आणि त्याच्या मागून वर येतं, पाणबुडीसारखं.

खऱ्या यानांनी हे कसं सोडवलं बघा. १९६४ मध्ये निघालेल्या मरिनर ४ ने एक संदर्भ सूर्याचा घेतला आणि दुसरा अगस्त्य ताऱ्याचा. सूर्याकडे तोंड ठेवलं तरी यान त्या रेषेभोवती फिरू शकतं, अगस्त्य ते फिरणं थांबवतो. तो सापडायच्या आधी यान भलत्याच ताऱ्यांना धरून बसत होतं, मग हळूहळू खरा मिळाला. अपोलोमध्ये तीन गिंबलवर, म्हणजे एकात एक बसवलेल्या फिरत्या कड्यांवर, टांगलेला जायरो प्लॅटफॉर्म (दिशा धरून ठेवणारं यंत्र) होता, आणि यान एका ठराविक कोनात गेलं की दोन गिंबलचे अक्ष एका रेषेत येऊन दिशाच हरवायची भीती असायची, त्याला गिंबल लॉक म्हणतात. १९६९ मध्ये अपोलो ११ वरून मायकेल कॉलिन्सने ख्रिसमसला चौथा गिंबल पाठवा असं ह्यूस्टनला सांगितलं होतं. मार्क ९० लाही असंच होतं, थेट डोक्यावर बघताना पहिला आकडा काहीही असला तरी चालतो.

आता हेडिंगचं शून्य. आकाशगंगेचे अक्षांश-रेखांश खरोखर आहेत, आंतरराष्ट्रीय खगोल संघाने आताची पद्धत १९५८ मध्ये ठरवली. आधीच्या पद्धतीत शून्य भलतीकडे होतं, ते सुमारे ३२ अंश सरकवून धनु राशीतल्या केंद्राकडे आणलं. पण ते मोजमाप सूर्यावर उभं राहून केलेलं आहे. काल्पनिक यान कुठेही असू शकतं, म्हणून तिथून केंद्र जिकडे दिसेल ते शून्य धरतात, आणि मग आकाशगंगेच्या दोन टोकांवरची दोन यानं हेडिंग ० घेऊन निघाली तर ती एकमेकांच्या समोरच येतात.

आणि १९७२ ला पायोनियर १० यानावर बसवलेली, आपला पत्ता सांगणारी पट्टी आठवा. तिच्यावर सूर्यापासून १४ पल्सारकडे (ठराविक वेळाने ठोके देणाऱ्या ताऱ्यांकडे) जाणाऱ्या रेषा आहेत, शेजारी प्रत्येकाच्या ठोक्याचा काळ बायनरीत कोरलाय, आणि पंधरावी रेषा थेट आकाशगंगेच्या केंद्राकडे जाते.