हजचे मेडिकल: लसीचा दाखला आणि फिटनेसचा कागद कुठे अडतो

पासपोर्ट आला, नंबर लागला, पैसे भरले, की लोकांना वाटते आता फक्त बॅग भरायची. मेडिकलचे कागद मग शेवटच्या आठवड्यावर जातात आणि गाडी तिथेच अडते. हज समितीमार्फत जा किंवा खासगी टूरने, आरोग्याच्या अटी सौदी अरेबियाचे सरकार ठरवते. तिथे कुणाची ओळख चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या, लसीत होतो. हज असो की उमरा (वर्षभरात कधीही करता येणारी मक्केची छोटी यात्रा), एक वर्षाच्या मुलापासून वृद्धांपर्यंत सर्वांना ही लस सक्तीची आहे. ती चार गटांच्या जंतूंपासून संरक्षण देणारी, म्हणजे ए, सी, वाय आणि डब्ल्यू-135 अशीच हवी. या सक्तीमागे कारण आहे. 1987 साली हजच्या गर्दीत ए गटाची साथ पसरली. 2000 आणि 2001 मध्ये डब्ल्यू-135 गटाचा जंतू परतणाऱ्या हाजींबरोबर अनेक देशांत पोहोचला आणि त्यांच्या घरची माणसेही आजारी पडली.

लस सौदीत पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली असावी लागते. लोक हे 10 दिवस हजच्या तारखेपासून मागे मोजतात. हज दूर आहे म्हणून निवांत राहतात आणि विमान मात्र त्याच्या कितीतरी आधीचे निघते. मोजायचे ते उतरण्याच्या दिवसापासून. माझे ऐका, महिनाभर आधीच घेऊन टाका. लसीचा तुटवडा आयत्या वेळीच भासतो.

दुसरी अडचण दाखल्याच्या मुदतीची. कॉन्जुगेट प्रकारच्या लसीचा दाखला पाच वर्षे चालतो, पॉलिसॅकराइड प्रकारच्या लसीचा तीन वर्षे. दाखल्यावर प्रकारच लिहिलेला नसेल तर तो तीनच वर्षांचा धरतात. चार वर्षांपूर्वी उमरा करून आलेली माणसे जुना दाखला घेऊन येतात. लस बहुधा पाच वर्षांचीच असते, पण डॉक्टरांनी त्यावर नुसते ‘मेनिंजायटिस लस दिली’ एवढेच लिहिलेले असते. एका शब्दासाठी पुन्हा टोचून घ्यावे लागते. म्हणून दवाखान्यातून बाहेर पडायच्या आत दाखला वाचा. लसीचे नाव, प्रकार, बॅच नंबर, तारीख, सही, शिक्का, आणि तुमचे नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षर न अक्षर. म्हाताऱ्या बायकांच्या कागदांत हे नाव हमखास चुकते. पासपोर्टवर एक आणि दवाखान्यात घरचे दुसरेच.

पोलिओचा डोस आणि पिवळ्या तापाची लस सर्वांना लागू नाही. तुम्ही कुठून येता यावर ते ठरते आणि यादी बदलत असते, म्हणून त्या वर्षीचेच परिपत्रक बघा. पोलिओचा डोस लागू असेल तर तो निघण्याच्या किमान चार आठवडे आधीचा हवा. पिवळ्या तापाचा दाखला एकदा घेतला की आयुष्यभर चालतो, मात्र लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतो. फ्लूची लस वृद्ध, मधुमेही आणि दम्याच्या रुग्णांनी घ्यावीच.

आता फिटनेसचा कागद. याला लोक निव्वळ सहीशिक्क्याचे काम समजतात, आणि दुर्दैवाने काही डॉक्टरही. छातीला स्टेथोस्कोपसुद्धा न लावता केलेली सही ही मदत नव्हे. सौदीच्या आरोग्य अटींत आता स्पष्ट यादी आहे: डायलिसिसवर असलेले मूत्रपिंडाचे रुग्ण, थोड्या श्रमानेही दम लागणारे हृदयरुग्ण, ऑक्सिजन लागणारा फुप्फुसाचा जुना आजार, यकृत निकामी होणे, स्मृतिभ्रंश, गंभीर मानसिक आजार, केमोथेरपी चालू असलेला कर्करोग, फुप्फुसाचा सक्रिय क्षयरोग, गर्भारपणाचे शेवटचे दोन महिने आणि कोणत्याही महिन्यातले जोखमीचे गर्भारपण. या अवस्थांत परवानगी नाही.

यादी वाचून लोक आजार लपवतात. मी त्यांचे मन समजू शकतो. आयुष्यभर पैसे साठवलेले असतात, मुलांनी हौसेने पाठवलेले असते. पण ऐपतीची अट, इस्तिताअत, पैशाइतकीच शरीराचीही आहे. कायमचे आजारपण असेल तर दुसऱ्याकडून हज-ए-बदल करवून घेण्याची सोय धर्मातच आहे, आलिमांना म्हणजे धर्माच्या जाणकारांना विचारा. नियंत्रणातला रक्तदाब किंवा साखर मात्र अडवत नाही, तो लपवायचे कारणच नाही. लपवलेला आजार मक्केजवळच्या मिनाच्या तंबूत बळावला तर तिथल्या डॉक्टरांच्या हाती तुमचा काहीच इतिहास नसतो.

औषधांबाबत एक कळकळीची सूचना. ट्रॅमाडॉल, कोडीन, प्रेगाबालिन, अल्प्राझोलाम ही औषधे सौदीत नियंत्रित आहेत. गुडघेदुखी, झोप किंवा नसांच्या दुखण्यासाठी आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांना हीच चालू असतात, आणि गोळीत काय आहे हे त्यांना माहीतही नसते. डॉक्टरांना विचारून पर्याय घ्या, नाहीतर सौदी अन्न व औषध प्राधिकरणाची परवानगी आधी काढा. चिठ्ठीवर औषधाचे जेनेरिक नाव इंग्रजीत हवे. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. डबीत सुट्या भरू नका. खसखसही नेऊ नका, तिथे बंदी आहे. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर दोन-तीन महिने आधी डॉक्टरांना भेटा. मैत्रिणीने दिलेली पट्टी घेऊ नका. रक्तात गुठळी होण्याचा धोका सर्वांना सारखा नसतो.

फिटनेस कागदावर मिळाला तरी पाय तयार हवेत. सफा-मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात फेऱ्यांचेच तीन किलोमीटरच्या वर चालणे होते, त्याआधी तवाफ म्हणजे काबाभोवतीच्या प्रदक्षिणा, पुढे मिना, अरफात, मुजदलिफा ही हजची ठिकाणे. रोज थोडे थोडे वाढवत चाला, आणि तिथे घालणार त्याच चपला आत्तापासून घालून चाला. मधुमेही माणसाला नव्या चपलेचा फोड कळतच नाही. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 51 अंशांच्या वर गेला. 1,301 माणसे दगावली आणि त्यांतली बहुसंख्य विनापरवाना आलेली होती. म्हणजे त्यांना थंड तंबू नव्हता, बस नव्हती. स्वस्तात ‘व्हिजिट व्हिसावर हज’ करवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. इहराममध्ये, म्हणजे हजचे खास कपडे आणि नियम पाळत असतानाही, छत्री चालते, ती उघडा. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या.

परतल्यावर दोन आठवड्यांत ताप, खोकला किंवा दम लागला तर दवाखान्यात पोहोचताच पहिल्या वाक्यात सांगा की सौदीहून आलो आहे. मर्स या श्वसनाच्या गंभीर आजाराचा विषाणू 2012 मध्ये तिथेच सापडला होता आणि डॉक्टर त्या दृष्टीने तपासणी करतील. लसीचे आणि फिटनेसचे कागदही तेव्हा बरोबर न्या.