कॅटॅलिटिक कन्व्हर्टर : जुन्या पेट्रोल पिकअप ट्रकमधील बिघाड, निदान व बदल

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (उत्प्रेरकी परिवर्तक) : पेट्रोल इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनाची ऑक्साइडे यांचे सायलेन्सरच्या अलीकडेच रासायनिक रूपांतर करणारे उपकरण. येथे मुख्यतः अमेरिकेतील १९९६ नंतरच्या आणि आता जुन्या झालेल्या व्ही-८ (दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या) पिकअप ट्रकांचा, विशेषतः शेव्हरोलेट सिल्व्हराडो १५०० (१९९९–२००६) व फोर्ड एफ-१५० यांचा विचार केला आहे.

इतिहास : या उपकरणाचे जनकत्व कोणाकडे जाते याविषयी एकमत नाही. मिशेल फ्रेंकेल या फ्रेंच रसायनज्ञाने १९०९ च्या सुमारास, प्लॅटिनमचा लेप दिलेल्या केओलिनवरून मोटारीचा धूर नेऊन त्याचा दर्प घालवण्याची कल्पना मांडली होती. मात्र तिचा रोख दर्पावर होता, विषारी वायूंवर नव्हता. त्यामुळे फ्रेंकेल यांना पूर्वसूरी म्हणता येईल, जनक म्हणणे कठीण आहे. बहुतेक लेखक हा मान पेट्रोलियमाच्या उत्प्रेरकी भंजनासाठी (जड तेलाचे रेणू फोडून पेट्रोल बनवण्यासाठी) प्रसिद्ध असलेले फ्रान्समध्ये जन्मलेले अभियंते यूजीन हूड्री (१८९२–१९६२) यांना देतात. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने अस्वस्थ होऊन ते १९५० च्या आसपास या कामाकडे वळले आणि १९५६ मध्ये त्यांना अमेरिकी एकस्व (पेटंट) मिळाले. पण तेव्हाच्या पेट्रोलमधले शिसे उत्प्रेरकावर थर धरून त्याला निकामी करी, म्हणून ती रचना रस्त्यावरच्या मोटारींत रुजली नाही.

दुसरा पक्ष एंगलहार्ड कंपनीतील जॉन मूनी व कार्ल कीथ यांना श्रेय देतो. तिन्ही प्रदूषकांवर एकाच वेळी काम करणारा ‘त्रिमार्गी’ उत्प्रेरक त्यांनी १९७३ च्या सुमारास सिद्ध केला. त्याच काळात कॉर्निंग या काच व सिरॅमिक बनवणाऱ्या कंपनीतील रॉडनी बॅग्ली, अर्विन लॅखमन व रॉनल्ड लुईस यांनी मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार सिरॅमिक वीट बनवली. धुरातले वायू उत्प्रेरकाने शुद्ध करण्याची दिशा हूड्री यांची, पण आज ट्रकखाली जी वस्तू बसते ती एंगलहार्ड व कॉर्निंगची, ही विभागणी अधिक सयुक्तिक वाटते. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून केवळ ऑक्सिडीकरण करणारे कन्व्हर्टर आले, तर ऑक्सिजन सेन्सरसह त्रिमार्गी कन्व्हर्टर १९७७ च्या मॉडेलात व्होल्व्होने कॅलिफोर्नियात प्रथम आणला.

पिकअप ट्रकांच्या वाट्याला हे उपकरण थोडे उशिरा आले. सुरुवातीचा नियम ६,००० पौंडांपर्यंतच्या (सु. २,७२० किग्रॅ.) भारित वजनाच्या हलक्या वाहनांना लागू होता. १९७५ मध्ये बाजारात आलेली फोर्ड एफ-१५० ही या मर्यादेच्या किंचित वर राहील अशीच आखलेली होती. १९७९ मध्ये मर्यादा ८,५०० पौंडांवर गेली आणि ही पळवाट बंद झाली. १९९६ पासून सर्व मोटारी व हलक्या ट्रकांना ओबीडी-२ ही स्वयंनिदान यंत्रणा सक्तीची झाली.

रचना : कॉर्डिएराइट या उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकच्या विटेत दर चौरस इंचाला साधारण ४०० आरपार छिद्रे असतात. त्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम, आणि सोबत ऑक्सिजन साठवून लागेल तसा सोडणारे सिरियम ऑक्साइड असते. वीट आणि पोलादी कवच यांमध्ये उष्णतेने फुगणारी चटई असते. सु. २५० ते ३०० अंश से. तापमानाला काम सुरू होते. हवा-पेट्रोल प्रमाण वजनाने १४.७:१ च्या आसपास राहिले तरच तिन्ही अभिक्रिया एकत्र साधतात.

बिघाडाची कारणे : कन्व्हर्टर आपल्या मौजेने क्वचितच मरतो, त्याला इंजिन मारते. ही गोष्ट डावलून नवा बसवला तर तोही काही महिन्यांत तसाच जातो. सर्वांत घातक म्हणजे मिसफायर, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटणे : न जळलेले पेट्रोल विटेत जाऊन पेटते, तापमान १,००० अंशांच्या पुढे चढते, मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे होतात व त्यांचा पृष्ठभाग घटतो. याहून ताप वाढला तर वीटच वितळते. ऑक्सिजन सेन्सरच्या छिद्रातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घातला असता धडधाकट विटेची नीटस चौकटींची जाळी दिसते. जळालेल्या विटेच्या तोंडाशी मात्र छिद्रे बुजून काचेसारखा चकचकीत, ओघळलेला पट्टा दिसतो. चालत्या गाडीत इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर तो याच धोक्याचा इशारा असतो. फोर्डच्या ५.४ लिटर इंजिनात प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र इग्निशन कॉइल असते आणि जुनी झाल्यावर ती भाराखाली दगा देते.

दुसरे कारण तेल. झिजलेल्या रिंगा, व्हॉल्व्हची सीले किंवा पीसीव्ही (इंजिनाच्या तळातील वायू परत आत नेणारा व्हॉल्व्ह) यांतून जळणाऱ्या तेलातला फॉस्फरस व जस्त विटेवर बसतात. हेड गॅस्केटमधून येणारे कूलंट आणि सेन्सरला न चालणारा सिलिकोन सीलंट यांचाही तोच परिणाम. दगडाचा घाव किंवा तापलेल्या कवचावर अचानक आलेले पाणी यांनी वीट फुटते व कवचात खुळखुळते.

निदान : ओबीडी-२ ने नोंदवलेला पी०४२० (बँक १) किंवा पी०४३० (बँक २) हा बिघाडाचा कोड म्हणजे कन्व्हर्टर गेल्याचा निकाल नव्हे. कार्यक्षमता मर्यादेखाली गेली, असे संगणकाला वाटल्याची ती नोंद असते. बँक ओळखताना हमखास घोटाळा होतो. बँक १ म्हणजे पहिला सिलिंडर असलेली बाजू. सिल्व्हराडोच्या ५.३ लिटर इंजिनात ती चालकाच्या बाजूस येते, तर एफ-१५० च्या ४.६ व ५.४ लिटर इंजिनांत दुसऱ्या बाजूस.

प्रथम मिसफायरचे कोड (पी०३०० ते पी०३०८) असल्यास ते निकालात काढावे. मग फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली दुरुस्ती, पाहावे. दीर्घकालीन आकडा ±१० टक्क्यांच्या बाहेर असेल तर आधी त्याचे कारण शोधावे. त्यानंतर धुराची गळती. सिल्व्हराडोत एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (सिलिंडरांतला धूर एकत्र करणाऱ्या नळीचा) टोकाचा, बहुधा मागचा बोल्ट तुटतो. इंजिन थंड असताना टकटक आवाज येतो आणि धातू तापून फुगला की थांबतो. या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि निर्दोष कन्व्हर्टरवर ठपका येतो. नळीत कृत्रिम धूर सोडणाऱ्या स्मोक मशीनने ही गळती लगेच सापडते.

हे झाल्यावर इंजिन पूर्ण तापवून मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर दोनतीन मिनिटे धरावे व दोन्ही ऑक्सिजन सेन्सरांचे आलेख पाहावेत. पुढचा (कन्व्हर्टरच्या आधीचा) सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली होतो. मागचा (कन्व्हर्टरनंतरचा) ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ सपाट राहिला तर कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आहे. मागचा पुढच्याची नक्कल करू लागला तर साठवणूक संपली. मागचा कायम तळाशी चिकटून असेल तर गळती किंवा खुद्द सेन्सर संशयित धरावा.

इन्फ्रारेड तापमापकाने विटेच्या आधीचे व नंतरचे तापमान पाहण्याची जुनी पद्धत अजून सांगितली जाते. मागची बाजू ३० ते ५० अंशांनी जास्त गरम हवी, असा तिचा दंडक. मात्र इंजिनातून मुळातच स्वच्छ धूर येत असेल तर विटेत जाळायला फारसे काही उरत नाही आणि चांगला कन्व्हर्टरही फरक दाखवत नाही. ही कसोटी सहायक म्हणूनच वापरावी.

तुंबलेल्या कन्व्हर्टरची लक्षणे वेगळी : चढावर दम लागतो, जास्त फेऱ्यांवर इंजिन घुसमटते आणि कोड कधी येतो, कधी येत नाही. पुढचा सेन्सर काढून त्या छिद्रात दाबमापक लावावा. आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) १.२५ पीएसआयपेक्षा (पौंड प्रति चौरस इंच) व २,५०० फेऱ्यांवर ३ पीएसआयपेक्षा जास्त दाब म्हणजे अडथळा. दोन्ही बाजू मोजाव्यात. दोन्हींकडे दाब चढलेला असेल तर नळ्या एकत्र येतात त्याच्या पुढे, म्हणजे बहुधा फुटलेल्या विटेचे तुकडे अडकलेल्या सायलेन्सरमध्ये दोष असतो, आणि केवळ कन्व्हर्टर बदलून काही साधत नाही.

बदल : सिल्व्हराडोत दोन्ही कन्व्हर्टर वाय आकाराच्या एका नळीजोडणीत बसतात आणि प्रत्येक मॅनिफोल्डला तीन स्टडांनी जोडलेले असतात. खरे कष्ट या सहा नटांतच आहेत. वीस वर्षांचा गंज चढलेला नट कोरडा फिरवला की स्टड मॅनिफोल्डच्या तोंडाशी तुटतो आणि मग ड्रिल करून आटे नव्याने पाडावे लागतात. म्हणून आदल्या दिवशी आणि पुन्हा काम सुरू करताना गंज सोडवणारे तेल मारावे. तरी नट हलला नाही तर तो गॅसच्या टॉर्चने लालसर तापवावा. जवळून जाणाऱ्या इंधननळ्या व तारा आधी झाकाव्यात, आणि तेल उडून गेल्याखेरीज ज्योत जवळ नेऊ नये. सहा धारांचाच सॉकेट घ्यावा. बारा धारांचा सॉकेट नटाचे कोपरे खातो.

क्रम असा : गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, चारही स्टँडवर भक्कम उचलावी, बॅटरीची ऋण तार काढावी. चारही सेन्सरांचे कनेक्टर सोडवून २२ मिमी. सॉकेटने सेन्सर काढावेत. ट्रान्समिशनखालची आडवी बीम आड येत असेल तर ट्रान्समिशनला जॅकचा आधार देऊन ती उतरवावी. मागची जोडणी सोडवून, जोडणी जॅकवर तोलून, शेवटी पुढचे नट काढावेत. नवी गॅस्केटे व शक्यतो नवे स्टड-नट लावावेत. सर्व जोड हाताने सैलसर बसवून नळी गाडीच्या बॉडीला कुठे घासत नाही हे पाहावे आणि मगच पुढून मागे आवळत जावे. सेन्सर सु. ४० न्यूटन-मीटरला आवळावा. आट्यांना निकेलयुक्त अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) किंचित लावावे, टोकाला लागू देऊ नये.

वेल्ड करायचा ‘युनिव्हर्सल’ प्रकार स्वस्त पडतो, पण त्यात विटेचे आकारमान व धातूंचे प्रमाण इंजिनाला जुळेलच असे नाही, आणि जुळले नाही की पी०४२० परत येतो. जोडणीसकट येणारा, त्या इंजिनासाठी प्रमाणित केलेला भाग घेणेच हितावह. कवचावरचा बाण वायूच्या प्रवाहाच्या दिशेला हवा.

पहिल्यांदा चालू केल्यावर चटई व तेलाचे डाग तापून थोडा धूर व वास येतो. इंजिन काही मिनिटे आयडलवरच ठेवावे. गळती पाहावी, कोड पुसावेत. कोड पुसल्याने रेडीनेस मॉनिटरही (स्वयंचाचण्या पूर्ण झाल्याच्या नोंदी) कोरे होतात, म्हणून प्रदूषण तपासणीपूर्वी गाडी थंड अवस्थेतून सुरू करून, शहरात व सलग महामार्गावर काही दिवस चालवावी लागते.

मागच्या सेन्सरखाली नळीचा तुकडा घालून कोड दडपणे हा बंदोबस्त नव्हे. त्याने विषारी धूर तसाच राहतो. पेट्रोलमध्ये घालायची ‘क्लीनर’ द्रव्ये काजळी काही अंशी काढू शकतात, वितळलेली वीट किंवा एकत्र झालेले धातूकण पूर्ववत करू शकत नाहीत.

कायदेशीर बाजू : चालू कन्व्हर्टर काढणे अमेरिकी संघीय कायद्याने प्रतिबंधित आहे. १९९५ व नंतरच्या वाहनांत मूळ कन्व्हर्टरची हमी ८ वर्षे किंवा ८०,००० मैल असते, ती सरल्याखेरीज इतर उत्पादकाचा भाग सहसा बसवता येत नाही आणि बदलाच्या कारणाची लेखी नोंद ठेवावी लागते. कॅलिफोर्नियात त्या मॉडेलासाठी राज्याचा मंजुरी क्रमांक कवचावर कोरलेला असावा लागतो. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २५,००० डॉलरांपलीकडे गेला होता, तेव्हा कन्व्हर्टरच्या चोऱ्या वाढल्या. जमिनीपासून उंच असलेल्या ट्रकांचे कन्व्हर्टर जॅक न लावता कापता येतात. अशा वेळी सेन्सरच्या तारांचे जुडगेही तुटते, ते नव्या भागाबरोबर तपासावे.

भारत : १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल चारचाकींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध केले गेले. देशभर शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. भारतातले मालट्रक मात्र बहुतांश डिझेलचे. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन नेहमीच शिल्लक असल्याने त्रिमार्गी उत्प्रेरक तेथे नायट्रोजनाची ऑक्साइडे कमी करू शकत नाही. त्यासाठी १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (भारत स्टेज ६ हे धूर-मानक पाळणाऱ्या) ट्रकांत युरियाच्या द्रावणावर चालणारी एससीआर (निवडक उत्प्रेरकी क्षपण) यंत्रणा वापरतात. वर दिलेली व्होल्टेजची कसोटी त्या ट्रकांना लागू नाही.