स्लिटिंग लाइनवरचा चुंबकीय ब्रेक : पार्श्वभूमी

अॅल्युमिनियमची रुंद कॉइल उभी चिरून तिच्या अरुंद पट्ट्या करायच्या आणि त्या पुन्हा घट्ट गुंडाळायच्या, यातला चिरण्याचा भाग कधीच फारसा अडला नाही. अडलं ते गुंडाळताना. रोलिंग मिलमधून आलेला पत्रा मध्यभागी किंचित जाड असतो आणि कडांना पातळ. हा फरक अवघा ०.०१ मि.मी. धरला तरी ३०० वेढ्यांनंतर मधल्या पट्टीच्या कॉइलचा व्यास कडेच्या कॉइलपेक्षा ६ मि.मी.ने वाढतो आणि ती दर वेढ्याला जवळपास १९ मि.मी. पट्टी जास्त ओढून घेते. कडेच्या पट्ट्या सैल पडतात. त्यांना लोंबायला जागा म्हणून कटर आणि पट्ट्या गुंडाळणारा रिकॉइलर यांच्यामध्ये खड्डा, म्हणजे लूपिंग पिट, खणला गेला. पण लोंबत्या पट्टीत ताण उरत नाही. त्यामुळे पिटच्या पुढे, रिकॉइलरच्या तोंडाशी, प्रत्येक पट्टी वेगळी मागे धरून ठेवावी लागते. चुंबकीय ब्रेक बसतो तो इथे.

आधी हे काम फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) लावलेल्या दोन फळ्या करत. पट्ट्या त्यांच्यामधून घासत जायच्या. कळंबोली किंवा चाकणसारख्या ठिकाणी साध्या पोलादावर आजही हे चालतं, आणि त्यात गैर काही नाही. मऊ अॅल्युमिनियम, तांबं, चकचकीत किंवा रंगवलेला पत्रा यांच्यावर मात्र फेल्टमध्ये रुतलेला एखादा धातूचा कण अख्ख्या कॉइलभर ओरखडा ओढत जातो, आणि तो सापडतो थेट ग्राहकाच्या प्रेसवर. तेलाने फेल्ट गुळगुळीत झालं की ताण उतरतो, नवं लावलं की चढतो. जपानमध्ये यावर अनेक अरुंद बेल्टांचा टेन्शनर निघाला. त्यात पट्टीसोबत बेल्टही सरकतो, त्यामुळे घासणं खूपच कमी होतं. तो उत्तम चालतो, तरी पृष्ठभागाला स्पर्श होतोच.

स्पर्शाशिवाय धातू थोपवता येतो हे १८२० च्या दशकापासून ठाऊक होतं. त्याचं कारण १८३१ नंतर कळलं: चुंबकाजवळून सरकणाऱ्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह (एडी करंट) उठतात आणि तेच त्याला मागे धरतात. घरोघरच्या जुन्या वीजमीटरमधली अॅल्युमिनियमची चकती याच एडी करंटच्या ब्रेकवर हिशेबाने फिरायची. पुढे रेल्वेने तो उचलला. पत्र्याच्या धंद्यात तो रुजायला उशीर लागला, कारण जोरदार क्षेत्रासाठी मोठमोठी विद्युतचुंबकं, त्यांच्या गुंडाळ्या आणि त्यांना थंड ठेवण्याची सोय एवढं सगळं लाइनवर मांडावं लागे. १९३० च्या दशकातले अल्निको आणि १९५० च्या दशकातले फेराइट चुंबक या कामाला तोकडे होते. चित्र पालटलं ते १९८३-८४ मध्ये निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक आले तेव्हा. फेराइटच्या दहापट ऊर्जा साठवणारे हे चुंबक पट्टीच्या वर आणि खाली रांगेने लावले की वीज न वापरता हवं ते क्षेत्र मिळतं.

या पद्धतीचा एक गुण पुरेसा सांगितला जात नाही. पट्टी जाड असेल तर तिच्यातला प्रवाह वाढतो आणि जोरही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे दर चौरस मिलिमीटरवरचा ताण आपोआप सारखाच राहतो. फेल्टला हे कधीच जमलं नाही. रुंदीचं मात्र तसं नाही. फिरून परत यायला प्रवाहाला जागा लागते. रांगेतल्या शेजारशेजारच्या ध्रुवांमधल्या अंतराहून पट्टी बरीच अरुंद असेल तर ब्रेक लुळा पडतो. ध्रुव एकमेकांच्या जवळ आणावेत तर क्षेत्र पट्टीपर्यंत पोचण्याआधीच विरतं. अरुंद पट्ट्या करणारे या ब्रेकवर नाराज असतात ते यामुळेच, आणि त्यांची तक्रार खरी आहे.

सगळ्यात मोठा वाद मात्र शून्य वेगाचा आहे. एडी करंटचा जोर वेगातून येतो. लाइन थांबली की ताण गेला, आणि ताण गेला की रिकॉइलरवरचे वेढे सैल होऊन एकमेकांवर सरकतात. म्हणजे ज्या ओरखड्यांसाठी एवढा खटाटोप केला, ते कॉइलच्या आतच पडतात. एका गटाचं उत्तर होतं की चुंबक स्थिर कशाला ठेवायचे, ते ड्रमवर बसवून पट्टीच्या उलट दिशेने फिरवा. पट्टी थांबली तरी सापेक्ष वेग राहील आणि ताणही राहील.

कल्पना देखणी आहे, पण उष्णतेचा हिशेब मांडायला हवा. स्थिर चुंबकांखालून जाणाऱ्या अॅल्युमिनियममध्ये १० मेगापास्कल (दर चौरस मिलिमीटरला १० न्यूटन) ताण निर्माण केला तर पट्टी सुमारे ४ अंशांनी तापते, मग लाइनचा वेग कितीही असो. तेवढं चालतं. आता पट्टी थांबलेली आहे, ड्रम फिरताहेत, सापेक्ष वेग सेकंदाला ५ मीटर आहे आणि चुंबकांखाली १ मीटर लांबीचा तोच तुकडा अडकून पडला आहे. ताण तेवढाच ठेवला तर तो तुकडा दर सेकंदाला सुमारे २० अंशांनी तापतो. ऑपरेटर कटरची सुरी तपासून येईपर्यंत टेंपर (पत्र्याचा ठरवलेला कडकपणा) बिघडलेला असेल, शिवाय ड्रम आणि चुंबकही तापतील. साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे आपलं बळ गमावू लागतात.

दुसऱ्या गटाने चुंबक स्थिर ठेवले आणि सोबत दाबपट्टी दिली. लाइन थांबली की ती पट्टीला धरते, वेग आला की सोडते. थांबलेली पट्टी घासत नाही, म्हणून ओरखडा पडत नाही. वादाला जागा उरते ती धरण्या-सोडण्याच्या मधल्या क्षणांपुरती, आणि त्याचं उत्तर दाबपट्टी नेमकी केव्हा सुटते या नियंत्रणात आहे. ‘पूर्णपणे स्पर्शरहित’ हा दावा यात गळून पडतो हे मान्य, पण माल चांगला निघतो. माझ्या मते योग्य वाट हीच होती. विक्रीच्या पत्रकांमध्ये मात्र फिरत्या ड्रमचाच बोलबाला राहिला. पुढे याच ड्रमांचा उपयोग अॅल्युमिनियमची पट्टी मुद्दाम तापवण्यासाठी करण्याची पेटंटं निघाली.

साधं पोलाद या कथेच्या बाहेरच राहतं. चुंबक त्याला थोपवण्याआधी स्वतःकडे खेचतो, आणि पट्टी वरच्या-खालच्या चुंबकांमधल्या जागेच्या मध्यापासून जरा ढळली की जवळच्या ध्रुवाला चिकटायला धावते. स्टेनलेसच्या ३०४ सारख्या प्रकाराला हे ओढणं नाही, पण त्याची विद्युतवाहकता शुद्ध अॅल्युमिनियमच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्याएवढी, आणि ब्रेकही त्याच मापात कमी.

अलीकडे प्रश्न चुंबकांच्या पुरवठ्याचा झाला आहे. २०१०-११ मध्ये चीनच्या निर्यात कोट्यामुळे निओडिमियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंचे भाव भडकले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम यांच्यासह सात धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात-नियंत्रण आणलं. भारतातल्या वाहन उद्योगाने त्याची झळ लगेच बोलून दाखवली. उष्णता सोसणाऱ्या चुंबकांना डिस्प्रोसियम लागतं, म्हणून फिरत्या ड्रमच्या बांधणीवर याचा भार जास्त पडतो. तापमान कमी राहणाऱ्या स्थिर मांडणीला साधे चुंबक पुरतात. आणि ज्या विद्युतचुंबकांना अवजड म्हणून बाजूला सारलं होतं, त्यांची किंमत नव्याने ताडून पाहायला आता सबळ कारण आहे, कारण प्रवाह कमी-जास्त करून ताण बदलण्याची सोय त्यांच्यात पहिल्यापासून होती.