प्राण्यांवरचा प्रयोग: समितीची परवानगी वेगळी, ‘अराइव्ह’ वेगळं

‘हा प्राणी-अभ्यास अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजूर आहे’ अशा अर्थाचं वाक्य हल्ली एम.फार्म.च्या प्रबंधांत वारंवार भेटतं. वाक्य वजनदार आहे, पण पोकळ. अराइव्ह म्हणजे प्राण्यांवरचा प्रयोग कसा लिहावा याची यादी, ते कुणालाही कसलीच मंजुरी देत नाही. त्याची बैठक नसते, शिक्का नसतो, सही करणारा अध्यक्ष नसतो. मंजुरी देते ती संस्थेची प्राणी नीतिसमिती, म्हणजे आयएईसी. तरीही बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या पोरांशी बोलताना हा घोळ हटकून निघतो. ‘सर, अराइव्हची चेकलिस्ट भरलोय की, आता अजून कसली परवानगी?’ असं विचारणारा विद्यार्थी आळशी नसतो. प्राणी किती, भूल कशी दिली, त्रास कमी कसा केला, हे दोन्हीकडे विचारतात. कागद सारखेच दिसतात, मग गल्लत होणारच.

परवानगीचं मूळ १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात आहे. हा कायदा प्रयोग बंद करत नाही. माणसाच्या किंवा जनावराच्या आजारावर उपाय शोधण्यासाठी केलेला प्रयोग त्याच्या लेखी बेकायदा नाही. आपल्या बेळगावाला हे सांगायला नकोच. टिळकवाडीतल्या ज्या व्हॅक्सिन डेपोवर लोक सकाळी फिरायला जातात, तिथं एके काळी देवीची लस तयार व्हायची, आणि ती लस जनावरांच्या कातडीवरच वाढवावी लागे. कायदा एवढंच म्हणतो की कुणाची तरी देखरेख हवी. ती देखरेख करणारी केंद्राची समिती म्हणजे सीसीएसईए. जुनी मंडळी तिला अजून जुन्या नावानं सीपीसीएसईएच म्हणतात.

कायद्याचं १७ वं कलम मुद्दाम वाचण्यासारखं आहे. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, नुसता हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत, आणि कॉलेजांत पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी काम होत असेल तर प्राणी टाळावेत, असं त्यात आहे. पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास कमी करा ही त्रिसूत्री, इंग्रजीत ‘थ्री आर्स’, रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडली. आज जगातले बहुतेक नियम तिच्यावरच उभे आहेत. आपला कायदा तिच्यानंतर वर्षभरात आला, याचं मला दर वेळी नवल वाटतं. कारण आमच्या पिढीनं तरीही काजळी धरलेल्या ड्रमवर बेडकाच्या पोटाच्या स्नायूचे आलेख काढतच डिग्री घेतली. आता तोच आलेख कॉम्प्युटरवर निघतो आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही.

आयएईसीत फक्त आपल्या कॉलेजची माणसं बसत नाहीत. पशुवैद्य असतो, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ असतो, शास्त्राशी संबंध नसलेला पण समाजाचं भान असलेला एक सदस्य असतो, आणि सीसीएसईएनं नेमलेला प्रतिनिधी असतो. उंदीर, ससे, गिनिपिग यांच्यापुरतं ही समिती स्वतः ठरवते. कुत्र्यासारखा मोठा प्राणी असेल तर कागद पुढं केंद्राकडे जातात. अर्ज फॉर्म बी मध्ये करायचा: हाच प्राणी का, इतकेच का, प्राण्याविना का होत नाही, शेवटी प्राण्याचं काय करणार. बसच्या पाटीवरून वाद घालणाऱ्या आपल्या भागात ही एक गोष्ट सुखाची आहे. कायदा केंद्राचा असल्यामुळे बेळगावचा फॉर्म बी आणि कोल्हापूरचा फॉर्म बी एकच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं पहिला उंदीर पिंजऱ्यात यायच्या आधी होतं. प्रयोग उरकून मागल्या तारखेची मंजुरी मागणं म्हणजे घर बांधून झाल्यावर नकाशा मंजुरीला टाकणं.

अराइव्ह आलं ते दुसऱ्याच दुखण्यातून. ब्रिटनमध्ये एनसी३आर्स नावाची संस्था आहे, नावातच त्रिसूत्री असलेली. तिच्या पाहणीत लहान-मोठ्या उंदरांवरचे आणि माकडांवरचे २७१ शोधनिबंध तपासले गेले, आणि निकाल २००९ मध्ये छापून आला. अभ्यासाचा हेतू, प्राण्यांची संख्या आणि त्यांची वैशिष्ट्यं हे सगळं सांगणारे निबंध फक्त ५९ टक्के होते. प्राण्यांची गटांत यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, वाटणी केल्याचा उल्लेख ८७ टक्क्यांत नव्हता. हे निबंध बिनपरवानगीचे नव्हते. परवानगी घेऊन, पैसे खर्चून, प्राणी मारून केलेलं काम असं लिहिलं गेलं होतं की दुसऱ्याला ते पडताळता येऊ नये. म्हणजे तोच प्रयोग पुन्हा, पुन्हा तेवढेच प्राणी. म्हणून २०१० मध्ये, प्राण्यांवरचा प्रयोग कसा लिहावा याची यादी आली, आणि २०२० मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती, अराइव्ह २.०.

या सुधारित यादीत २१ मुद्दे आहेत. त्यांतले दहा अत्यावश्यक, बाकीचे अकरा शिफारशीचे. आता गंमत बघा: नीतिसमितीच्या मंजुरीचा उल्लेख पहिल्या दहांत नाही, तो दुसऱ्या यादीत आहे. नीतीला दुय्यम मानलं असा याचा अर्थ नाही. मंजुरी कुठंतरी आधीच झालेली असणार हे धरूनच ही यादी बनली आहे. ‘अराइव्हनुसार मंजूर’ लिहिणाऱ्यानं हे एकदा उघडून पाहिलं तरी पुरे.

आता एक नेहमीचा प्रयोग घेऊ. जांभळाच्या बियांचा अर्क, विस्टार जातीचे उंदीर, स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेह आणायचा. गट पाच: निरोगी, मधुमेही, ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं नेहमीचं औषध दिलेला, अर्काचा कमी डोस, अर्काचा जास्त डोस. प्रत्येक गटात सहा, एकूण ३०. सहाच का? बहुतेक वेळा खरं उत्तर ‘सीनियरनं सहा घेतले होते’ हेच असतं. संख्या ठरवायची एक ढोबळ पण चालणारी रीत अशी: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करा, उत्तर १० ते २० च्या दरम्यान यावं. ३० वजा ५ म्हणजे २५, जास्त. प्रत्येक गटात पाच घेतले तर २५ वजा ५ म्हणजे २०, चालेल. स्ट्रेप्टोझोटोसिननं काही उंदीर दगावतील म्हणून जादा हवेत, हे कारण रास्त आहे, पण ते फॉर्म बी मध्ये लिहावं लागतं. समितीत कुणी जागा असेल तर पाच उंदीर इथंच वाचतात.

समितीचं काम इथवर. पुढं पिंजऱ्यात हात घातल्यावर जो उंदीर आधी हाताला लागतो तो सहसा सुस्त असतो. असे हाताला लागतील तसे गट भरले तर अर्क द्यायच्या आधीच गटांत फरक पडलेला असतो. साखर मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत होतं का? प्राणिगृहाच्या रजिस्टरात तीस चढले आणि प्रबंधाच्या तक्त्यात सव्वीस दिसतात, तर मधले चार कुठं गेले? अराइव्ह हे विचारतं. मंजुरीचं पत्र कितीही खरं असलं तरी या प्रश्नांना ते उत्तर नाही. माझ्या मते आपल्याकडच्या प्रबंधांचं खरं दुखणं हेच आहे. परवानगीचा नंबर सगळ्यांकडे असतो, त्या चार उंदरांचा हिशोब क्वचित असतो.

आणि उलटंही तितकंच खरं. चेकलिस्ट कितीही नेटकी भरली तरी बिनपरवान्याचा प्रयोग तिनं कायदेशीर होत नाही. शिवाय ती बहुधा जर्नलला पाठवायच्या आदल्या रात्री भरतात, तेव्हा वाटणी यादृच्छिक केली होती का हे आठवून काय उपयोग? केली नसेल तर आता करता येत नाही. म्हणून चेकलिस्ट लिहिण्यासाठी असली तरी वाचायची फॉर्म बी भरतानाच. आखणीसाठी प्रिपेअर नावाची वेगळी यादी नॉर्वेतून २०१८ मध्ये आली आहे, तीही सोबत ठेवायला हरकत नाही.

प्रबंधातल्या मंजुरीच्या या ओळीत आणखी दोन नावं घुसतात. हेलसिंकी जाहीरनामा माणसांवरच्या संशोधनाचा आहे. प्राण्यांच्या हिताचा आदर राखावा एवढंच त्यात येऊन जातं, तो उंदरांच्या प्रबंधात मंजुरी म्हणून लिहू नये. ओईसीडी ४२३ ही ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ठरवलेली, तीव्र विषारीपणा तपासायची पद्धत आहे, एका टप्प्याला तीन प्राणी घेऊन. प्राणी कमी लागतात म्हणून ती चांगली, पण ती नीतिसमितीचं काम करत नाही.

पद्धतींच्या प्रकरणात मग दोन वाक्यं वेगवेगळी येतात. पहिल्यात संस्थेचा सीसीएसईए नोंदणी क्रमांक, आयएईसीचा मंजुरी क्रमांक आणि बैठकीची तारीख. दुसऱ्यात एवढंच की लेखन अराइव्ह २.० प्रमाणे केलं आहे, चेकलिस्ट परिशिष्टात जोडली आहे.